खाणीच्या आत आणि खाणीच्या बाहेर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची कल्पना होती. मीच त्यांना म्हटले, कायद्यावर बोलणारे वकील तुम्हाला पुष्कळ मिळतील. मला जरा निराळ्या गोष्टीवर बोलू द्या. दोन निरनिराळ्या वंशांची माणसे समोरासमोर येतात, तेव्हा त्यांच्या मनात काय होते आणि ती एकमेकांशी वागतात तशी का वागतात, हा तो विषय. विषय मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे, हे मला ठाऊक आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या सभा आटोपल्यावर. परंतु तीस वर्षे माणसे एकत्र आणण्याचेच काम केले आहे, आणि एकत्र आणलेली माणसे पुन्हा कशी पांगतात तेही जवळून पाहिले आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आपण नेहमी ऐकतो. एक उत्तर भल्या माणसांचे : ओळख नाही म्हणून द्वेष आहे, माणसे जवळ आली की तो आपोआप जाईल. दुसरे उत्तर त्रासलेल्या माणसांचे : हे सारे रक्तातच असते, ते जायचे नाही. दोन्ही उत्तरे खोटी आहेत, असे मला आज सांगायचे आहे. त्यासाठी तुम्हाला अमेरिकेतल्या एका कोळशाच्या खाणीत घेऊन जातो.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅकडॉवेल नावाचा परगणा आहे. तिथला पोकाहॉन्टस कोळसा एके काळी जगात नावाजलेला होता. खाणीत गोरे कामगार होते आणि कृष्णवर्णीय कामगारही होते. त्यांचे परस्परसंबंध कसे आहेत, हे राल्फ मिनार्ड नावाच्या अभ्यासकाने तिथे जाऊन पाहिले आणि १९५२ साली प्रसिद्ध केले. त्याला आढळले ते असे. खाणीत उतरल्यावर गोरा आणि काळा बरोबरीने काम करीत, एकमेकांच्या हाकेला ओ देत. वर आल्यावर मात्र सगळे पालटून जाई. गावात वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, देवळे वेगळी. दिवसभर ज्याच्या भरवशावर जीव टाकला, त्याच्याशी रस्त्यात बोलणेही बेताचेच. आणि ही सीमारेषा कुठे होती? अगदी खाणीच्या तोंडाशी. तिथे कंपनीने न्हाणीघरे आणि कपडे बदलण्याच्या खोल्या वेगवेगळ्या बांधून ठेवल्या होत्या. खाणीतून वर येणारी सगळीच माणसे कोळशाच्या भुकटीने सारखीच काळी झालेली असत. ती धुऊन पुन्हा गोरे नि काळे व्हायला दोन वेगळ्या मोऱ्या.

मिनार्डने एक अंदाज मांडला आहे, तो कृपा करून ध्यानात ठेवा. शंभर गोऱ्या खाणकामगारांपैकी सुमारे वीस असे, की जे आतही भेद पाळीत नसत आणि बाहेरही नाही. दुसरे वीस असे, की ज्यांच्या मनातली अढी आत आणि बाहेर सारखीच. उरलेले साठ आत एक वागत आणि बाहेर दुसरे.

हे साठ ढोंगी होते काय? मला तसे वाटत नाही. ते तुमच्याआमच्यासारखेच होते. ज्या जागी जो रिवाज, तो ते पाळीत. आत रिवाज बरोबरीचा होता, बाहेर भेदाचा होता. आपण समजतो की माणूस मनात जे धरतो तसा वागतो. पुष्कळदा उलटे असते. जागा जशी वागायला लावते तसा तो वागतो, आणि मन मागाहून त्याची कारणे जुळवीत बसते.

याला आणखी एक जुना दाखला आहे. रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३०च्या सुमारास एका तरुण चिनी दांपत्याबरोबर मोटारीने देशभर हिंडला. त्या काळी तिथे चिनी लोकांविरुद्ध मत फार कडवट होते. तिघे मिळून २५१ हॉटेले, खानावळी नि मुक्कामाच्या ठिकाणी गेले. नकार मिळाला फक्त एके ठिकाणी. मग काही महिन्यांनी त्याने त्याच मालकांना पत्रे घातली : तुम्ही चिनी गिऱ्हाइकांना जागा द्याल काय? उत्तरे आली त्यांत शेकडा नव्वदांहून अधिक मालकांनी ‘नाही’ म्हणून कळवले. कागदावर विचारले तेव्हा समोर ‘चिनी’ हा शब्द होता. दारात उभी होती ती नीटनेटकी, हसतमुख, थकलेली माणसे, आणि बरोबर एक गोरा गृहस्थ. शब्दाला नाही म्हणणे सोपे असते.

आता खाणीत बरोबरी आली कशी, ते पाहू. अंधार आणि धोका हे एक कारण. छत कोसळते तेव्हा ते रंग पाहून कोसळत नाही. परंतु धोका एकटा पुरत नाही. अमेरिकेतल्या खाणकामगारांची युनियन १८९० साली स्थापन झाली, तेव्हाच तिच्या घटनेत वंश, धर्म, राष्ट्र यांवरून सभासदांत भेद होणार नाही असे लिहिले गेले. रिचर्ड डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय खाणकामगार १८९६ साली तिच्या राष्ट्रीय कार्यकारी मंडळावर निवडून गेला. लिहिलेले सगळे पाळले गेले असे नाही. पण एकाच कामाला एकच दर, एकच युनियन आणि एकच तक्रार, एवढे तरी खाणीच्या पोटात होते.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हेच सूत्ररूपाने सांगितले आहे. निरनिराळ्या गटांची माणसे नुसती भेटल्याने काही होत नाही. त्या भेटीत दर्जा सारखा हवा. दोघांचे उद्दिष्ट एक हवे. ते गाठायला एकमेकांची गरज हवी. आणि वरून कायद्याचा, अधिकाऱ्यांचा किंवा रिवाजाचा पाठिंबा हवा. मालकीणबाई आणि मोलकरीण वीस वर्षे रोज भेटतात. म्हणून त्यांच्यात बरोबरी आली, असे कुणी पाहिले आहे काय? पुढे जगभर यावर पुष्कळ संशोधन झाले. २००६ साली दोघा अभ्यासकांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एकंदर असे दिसले की भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतो, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तर अधिक कमी होतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. १९४४-४५च्या हिवाळ्यात युरोपात माणसे कमी पडू लागली, तेव्हा कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या तुकड्या गोऱ्यांच्या कंपन्यांना जोडण्यात आल्या. नंतर गोऱ्या सैनिकांना विचारले, तुमच्या दलात अशी व्यवस्था झाली तर कसे वाटेल? ज्यांच्या विभागात अशा तुकड्या मुळीच नव्हत्या, त्यांपैकी शेकडा ६२ म्हणाले, मुळीच आवडणार नाही. ज्यांच्या डिव्हिजनमध्ये होत्या पण रेजिमेंटमध्ये नव्हत्या, त्यांत असे म्हणणारे २४. रेजिमेंटमध्ये होत्या पण कंपनीत नव्हत्या, त्यांत २०. आणि जे त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते, त्यांत फक्त ७. लांबून बासष्ट, जवळून सात! १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम काढला.

मग अडते कुठे? पहिल्या भेटीच्या उंबरठ्यावर अडते. दोघांच्याही पोटात गोळा असतो, पण दोन वेगळ्या कारणांनी. गोऱ्याला वाटते, माझ्या तोंडून वेडेवाकडे निघेल आणि मी भेद पाळणारा ठरेन. काळ्याला वाटते, हा आता मला कमी लेखील. मग एक जण बोलणे आखडते घेतो, नजर चुकवतो. दुसरा त्याचा अर्थ करतो की याला मी नकोसा आहे. २००५ साली निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचसन या दोघींनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. त्यांना दिसले की दोन्ही बाजूंना परस्परांशी ओळख वाढवावी असे वाटते, आणि दोन्ही बाजूंना असेही वाटते की समोरच्यालाच ते नको आहे. स्वतः गप्प राहिलो तर कारण भीती, आणि समोरचा गप्प राहिला तर कारण अनिच्छा, असा आपला न्याय. दोन माणसे दाराच्या दोन बाजूंना उभी आहेत आणि दोघांनाही वाटते की कडी पलीकडून लावलेली आहे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, की कामगार चळवळ म्हणजे ही कडी काढणारी चळवळ. तसे असते तर मी आज अभिमानाने बोललो असतो. परंतु पुष्कळदा कडी लावणारे आमचेच हात होते, हेही सांगितले पाहिजे.

१९४४ सालचा ऑगस्ट महिना. फिलाडेल्फिया शहरात ट्रामगाड्या चालवण्याचे काम तोपर्यंत फक्त गोऱ्यांना मिळे. युद्धकाळात सरकारने ही बंदी उठवण्याचा आदेश दिला आणि आठ कृष्णवर्णीय कामगारांना चालकाचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. आठच माणसे! त्यांच्याविरुद्ध हजारो गोऱ्या कामगारांनी संप केला. ट्राम, बस सारे बंद पडले. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत माणसे पोचेनात. बंधूंनो, संप हे आमचे शस्त्र. उपाशीपोटी वापरायचे, मालकाविरुद्ध वापरायचे. ते शस्त्र त्या दिवशी भावाच्या गळ्याला लावले गेले. नव्याने निवडून आलेली युनियन या संपाच्या विरुद्ध होती, पण तिचे कुणी ऐकेना. अखेर रूझवेल्टने सैन्य धाडले आणि कामावर न येणाऱ्यांची लष्करभरतीतली सवलत काढून घेण्याची तंबी दिली. आठवड्याभरात संप मोडला. आणि मग काय झाले? काळे चालक गाड्या चालवू लागले, गोरे उतारू त्यांत बसू लागले. आकाश कोसळले नाही. हे तेच साठ लोक होते. रिवाज बदलला आणि ते त्याच्याबरोबर वळले.

दुसरा प्रसंग इंग्लंडातला, ब्रिस्टल शहरातला. तिथल्या बसवर काळ्या किंवा आशियाई माणसाला चालक-कंडक्टरची नोकरी मिळत नसे. १९५५ साली स्थानिक युनियनच्या शाखेनेच तसा ठराव केला होता. कंपनी म्हणे, आम्ही यांना घेतले तर गोरे कामगार निघून जातील. युनियनचे स्थानिक पुढारी म्हणत, नेमणुका आमच्या हाती नाहीत. असे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि दार बंदच ठेवायचे. १९६३च्या एप्रिलअखेर पॉल स्टीफन्सन नावाच्या तरुणाच्या पुढाकाराने बसवर बहिष्कार पुकारला गेला. २७ ऑगस्टला पाचशे बसकामगारांच्या सभेने बंदी उठवण्यास मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी ती उठली, आणि सप्टेंबरात रघबीर सिंग नावाचा आपल्याकडचा शीख गृहस्थ तिथला पहिला बिगरगोरा कंडक्टर झाला. त्या युनियनच्या वारस संघटनेने २०१३ साली जाहीर माफी मागितली. पन्नास वर्षे लागली.

ते बसकामगार राक्षस नव्हते. त्यांचा मूळ पगार तुटपुंजा होता आणि घर ओव्हरटाइमवर चाले. नवी माणसे आली तर ओव्हरटाइम जाईल, ही धास्ती होती. पोटाची भीती कातडीच्या रंगाचा आडोसा घेते, हे प्रत्येक संघटकाने मनावर कोरून ठेवावे. पगार वाढवून मागायचा सोडून माणसे शेजाऱ्याचे ताट हिसकावतात, आणि मालक बाजूला उभा राहून म्हणतो, हे यांचे आपसातले आहे.

आपण मुंबईकरांनी यावर नाक मुरडू नये. जात आणि वंश एकच, असे मी म्हणत नाही. पण आपल्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि स्पृश्यांना त्यात विटाळ वाटे. पगार मात्र त्याच खात्यात चांगला! १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्व खाती सर्वांना खुली करण्याची मागणी धरली, तेव्हा ती मागण्यांच्या यादीत घेतली गेली. पण घेणाऱ्यांनी ती राजीखुशीने घेतली नव्हती.

आता एक इशारा, आणि तो माझ्यासारख्या भाषणबाज माणसाला आहे. आम्हाला वाटते, सगळ्यांना एका झेंड्याखाली बसवले, ‘आपण सारे एक’ म्हटले, की झाले. २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन गट केले, आणि दोघांना मिळायच्या वस्तूचे वाटप एकाच गटाच्या हाती दिले. वाटपापूर्वी ते एकमेकांशी आपल्या साम्याविषयी गोडीगुलाबीने बोलले. त्या गोड बोलण्याने दुबळ्या गटाला वाटले, आता आपल्याला न्याय मिळेल. सबळ गटाच्या वाटपात मात्र न्याय वाढला नाही. मॅकडॉवेलच्या खाणीतही हेच घडले. कोळसा हाताने भरण्याचे काम मोठ्या प्रमाणात काळ्यांच्या वाट्याला असे. पुढे भरणी यंत्रे आली, युनियनने यंत्रांना संमती दिली. यंत्रांवर गोरे गेले आणि काळे मोठ्या संख्येने घरी. छत कोसळताना आठवणारी मैत्री यादी करताना आठवली नाही. मैत्री ही चांगली गोष्ट आहे. पण सेवाज्येष्ठतेच्या नियमाची जागा ती घेऊ शकत नाही.

शेवटी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला हक्क नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कारखान्यात ईशान्येकडचा एक मुलगा लागला. मशीनवर हात बसलेला, कामाला वाघ. त्याच्या डोळ्यांवरून सगळे त्याला ‘चिनी’ म्हणत. तो हसे, म्हणून आम्ही समजलो की त्याला चालते. डबा सगळ्यांबरोबर खाई. मी दुसऱ्या कारखान्यांत त्याचा दाखला देत असे : पाहा, आमच्याकडे भेद नाही! एके दिवशी तो कचेरीत आला. आमच्याच कमिटीतल्या एका सभासदाच्या घरी खोली रिकामी होती. त्याने याला नाही म्हटले, आणि ‘तुमच्यासारख्यांना’ असा शब्द वापरला. मी त्याला काय सांगितले असेल? मी म्हणालो, “हे बघ, युनियनचा संबंध फाटकाच्या आतला. बाहेरची बाब ज्याची त्याची खासगी.” तो काही बोलला नाही. “बरं साहेब” म्हणाला. इतके दिवस तो मला ‘दादा’ म्हणत असे. महिन्याभरात नोकरी सोडून गेला.

मिनार्डचे लेखन मी त्यानंतर वाचले, आणि खाणीच्या तोंडाशी असलेल्या त्या दोन न्हाणीघरांपाशी येऊन थांबलो. माझ्या कारखान्याच्या फाटकाशी मीच तशी दोन बांधून ठेवली होती. २०१४ साली केंद्र सरकारने ईशान्येच्या लोकांना इतरत्र सोसाव्या लागणाऱ्या वागणुकीची चौकशी करायला बेजबरुआ समिती नेमली. वंशभेद हा शब्द परदेशातल्या बातम्यांतच वाचायचा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो अहवाल वाचावा.

तेव्हा करावे काय? माझ्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, वाईट विसांशी वाद घालण्यात आयुष्य घालवू नका; साठांसाठी जागेचा रिवाज बदला, तो लेखी करा, आणि तो ठामपणे पाळला जातो हे पाहा. दुसरी, भेट होईल ती बरोबरीच्या दर्जाची होऊ द्या. पंगतीला बसवायचे आणि वाढपी मात्र ठरलेल्या जातीचा, हे नको. तिसरी आणि सगळ्यात अवघड, फाटकाबाहेर पाऊल टाका. खोली, शाळा, पाणवठा, लग्नाचा मांडव इथे काय चालते, ही युनियनची बाब आहे, ग्रंथालयाची आहे, तुमच्या सोसायटीच्या सभेचीही आहे. शिकागोच्या मांसकारखान्यांतल्या कामगारांनी १९१९ची दंगल पाहिली होती. तीत ३८ माणसे मेली, आणि एकजुटीचा तो प्रयत्न धुळीला मिळाला. १९३०च्या दशकात नवी युनियन बांधताना त्यांनी धडा घेतला. काळे-गोरे पुढारी बरोबरीने निवडले, आणि आसपासच्या दारूगुत्त्यांनी काळ्या सभासदांना बाहेर काढू नये म्हणून तिथेही भांडण मांडले. सारेच साधले नाही, पण पाऊल फाटकाबाहेर पडले.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात एखादी खोली भाड्याने द्यायची असेल. पुढच्या महिन्यात कुणीतरी दाराशी येईल. चेहरा ओळखीचा नसेल, मराठी मोडकी असेल. त्या क्षणी तुमच्या मनात जे येईल ते येऊ द्या, मनाला कुणी लगेच आवर घालू शकत नाही. फक्त त्याला आत बोलवा, बसायला सांगा आणि पाणी द्या. बाकीचे त्यानंतर बोलता येईल.